१९९१ ची युनोस रोडस्टर: आर-१२ चा बंद एसी आर-१३४ए वर आणायचा आहे

रोडस्टर_करवीर

नमस्कार मंडळी. गाडी माझदाची युनोस रोडस्टर, १९९१, १.६ इंजिन, उजवं स्टिअरिंग. एसी कंपनीचाच, आर-१२ या जुन्या गॅसचा; त्याजागी आर-१३४ए हा नंतरचा गॅस भरायचाय. बरीच वर्षं बंद आहे. आजची तपासणी अशी:

सर्व्हिस पोर्टची पिन दाबली तर फुस्ससुद्धा होत नाही, म्हणजे सिस्टीम पूर्ण रिकामी. कॉम्प्रेसरच्या पुलीच्या बेअरिंगला आवाज नाही. कॉम्प्रेसरच्या क्लचचा (एसी लावला की कॉम्प्रेसर पुलीला जोडणारा) हब हाताने फिरवला की एकसारखा फिरतो, कुठे अडकत नाही. क्लचला थेट बॅटरी दिली तर तो ओढतो. क्लचच्या बरोबर समोर बॉनेटच्या आतल्या अंगाला तेलकट पट्टा आहे. कंडेन्सर (समोरची, गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) आणि ड्रायर बॉटल (ओलावा शोषणाऱ्या दाण्यांची बाटली) दोन्ही मूळची, कंडेन्सरचे खालचे फिन चेपलेले. स्टिकरवर आर-१२, ८०० ग्रॅम.

थेट गॅस भरून बघू, की सगळं उघडू?

पन्हाळा_पायथा

भावा, हब फिरतोय, क्लच ओढतोय, मग कशाला उघडतोस? बारक्या तोंडाचे अडॅप्टर लाव, १३४ चे दोन कॅन सोड. उन्हाळा निघून जाईल.

उद्यमनगर_टिग

नको. दोन कॅन म्हणजे प्रत्येकी ४५० धरून ९०० ग्रॅम. ८०० ग्रॅम आर-१२ च्या सिस्टीमला १३४ए वजनाने त्याच्या ७५ ते ८५ टक्केच लागतो, म्हणजे ६०० ते ६८०. ९०० भरला तर हाय साइड (कॉम्प्रेसरनंतरची जास्त दाबाची बाजू) इतकी चढेल की कॉम्प्रेसरच्या दांड्यावरच्या, वाळलेल्या शाफ्ट सीलमधून (बॉनेटवरचा तेलकट पट्टा त्याचाच) उरलंसुरलं तेलही बाहेर येईल.

दुसरं, आर-१२ चं तेल मिनरल असतं आणि ते १३४ए मध्ये विरघळत नाही. गॅस फिरत राहतो, तेल कूलिंग कॉइलच्या तळाला बसून राहतं आणि कॉम्प्रेसर कोरडा चालतो. पहिले काही दिवस हवा गार येते म्हणून सगळं बरोबर झालंय असं वाटतं. मग कॉम्प्रेसरमधून ॲल्युमिनियमची काळी भुकटी सुटते आणि कंडेन्सर, एक्सपान्शन व्हॉल्व्ह (कूलिंग कॉइलमध्ये गॅस मोजून सोडणारा), पाइप सगळीकडे पसरते. तेव्हा नुसता कॉम्प्रेसर बदलून भागत नाही.

तिसरं, सिस्टीम रिकामी आहे म्हणजे गॅस कुठून तरी गेलाय. त्याच वाटेने पावसाळ्यातली दमट हवा आत शिरलीय, आणि ड्रायरमधले दाणे तिने केव्हाच भरलेत.

गॅस सगळ्यात शेवटी. आधी नायट्रोजन.

पन्हाळा_पायथा

बरोबर आहे. तेलाचं डोक्यात नव्हतं.

रोडस्टर_करवीर

नायट्रोजन किती दाबाने आणि किती वेळ? टायरमध्ये हवा भरायच्या कॉम्प्रेसरची टाकी घरी आहे, तिची हवा चालेल का?

थंड_झडप

टाकीची हवा अजिबात नको. तिच्यात पाणी असतं, आणि दाबाखालची हवा अन् तेलाची वाफ एकत्र येणं धोक्याचं आहे. ऑक्सिजनचा सिलिंडर तर चुकूनही लावू नका, तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो. कोरडा नायट्रोजन, रेग्युलेटरसह. वेल्डिंग गॅसवाल्यांकडे मिळतो.

मॅनिफोल्डचे (लो-हायच्या दोन गेजांच्या संचाचे) दोन्ही नळ उघडे ठेवून १५० पौंड (दर चौरस इंचाला, म्हणजे पीएसआय) भरा. त्याच्या वर जाऊ नका, कूलिंग कॉइल जुनी आहे. सिलिंडर बंद करा, वेळ आणि तापमान दोन्ही लिहून ठेवा. तापमान का, तर दुपारी ३८ अंशांत १५० पौंड भरले आणि पहाटे २६ अंशांत बघितलं, तर गळती नसतानाही काटा सुमारे १४४ वर दिसतो. या सहा पौंडांपायी बऱ्या सिस्टीम उगाच खोलल्या जातात.

काटा त्याहून पडला तर साबणाचं घट्ट पाणी ब्रशने लावा. प्रत्येक जोड, होजच्या प्रेस केलेल्या टोप्या, प्रेशर स्विचचा बूड, सर्व्हिस पोर्टची पिन. क्लचच्या मागे ब्रश पोचत नाही, तिथे बाटलीने पाणी सोडा आणि हब हाताने सावकाश फिरवत बघा. काही सील एका ठरावीक जागेवरच गळतात.

पोर्टचं सांगायचं राहिलं. आर-१२ चे पोर्ट आट्याचे असतात. १३४ए चे झटपट कपलर वेगळ्या मापाचे, लो १३ मिमी आणि हाय १६ मिमी. अडॅप्टर कायमचे बसवायचे आहेत. त्याआधी जुन्या पिना काढून नव्या टाका.

रोडस्टर_करवीर

निकाल. दुपारी ३७ अंशांत १५० भरले, संध्याकाळी ३१ अंशांत ११८. बुडबुडे दोन ठिकाणी: सक्शन होजची (कूलिंग कॉइलकडून गॅस कॉम्प्रेसरकडे परत आणणारी) कॉम्प्रेसरकडची टोपी आणि क्लचच्या मागे. ग्लोव्हबॉक्स काढून कूलिंग कॉइलची पेटी बाहेर घेतली, कॉइल वेगळी करून टबात बुडवली, एकही बुडबुडा नाही. कॉइलच्या तोंडावर मात्र पानं आणि मातीचा बोटभर थर.

उद्यमनगर_टिग

कॉइल बाहेर आलीच आहे तर तिचं सगळं आत्ताच उरकून घ्या. माती कोमट पाणी आणि मऊ ब्रशने, फिनच्या दिशेने. उच्च दाबाचा पंप मारला तर फिन झोपतात. पेटीच्या तळाची पाणी जायची नळी तारेने मोकळी करा. ती तुंबली की पाणी गालिच्यात उतरतं आणि लोक छताला दोष देतात. या गाडीच्या सीटमागे छताच्या पाण्याच्या दोन मोऱ्याही आहेत, त्याही तुंबतात, म्हणून दोन्ही तपासल्याशिवाय ओलावा कुठून आला ते ठरवू नका.

आता होज. जुनी रबरी होज आर-१२ साठी ठीक होती. १३४ए चे रेणू लहान, ते अशा रबरातून हळूहळू पार होतात. नवीन होज आतून नायलॉनचा थर असलेली, ‘बॅरिअर’ म्हणून विकतात तीच घ्या. मापं: ६ नंबर म्हणजे आतून सुमारे ८ मिमी, ८ नंबर १० मिमी, १० नंबर १३ मिमी, १२ नंबर १६ मिमी. जुनी कापून आतला व्यास मोजा, बाहेरून अंदाज लावू नका.

आपल्या कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात हायड्रॉलिक होज दाबून देणारी दुकानं पावलोपावली आहेत, पण त्यांची डाय आणि टोपी हायड्रॉलिक होजसाठी. एसीच्या टोपीवर दोन-तीन गोल वळ्या पडाव्या लागतात, तशी डाय आहे का हे आधी विचारा. मूळचं ॲल्युमिनियमचं टोक वापरायचं तर जुनी टोपी हॅक्सॉने लांबीत कापा आणि थोडं शिल्लक ठेवून पकडीने उकला. आतल्या दात्यांवर चरा उमटला की ते टोक बाद, तो चरा म्हणजे पुढच्या गळतीचा रस्ता. टोक बाद झालंच तर टिग वेल्डिंगने नवं जोडता येतं. पण वेल्डिंग आधी, होज दाबायची नंतर. उलट केलं तर नायलॉनचा थर वितळतो.

रोडस्टर_करवीर

कॉम्प्रेसरचं सील बदलू की कॉम्प्रेसरच?

थंड_झडप

आधी त्यातलं तेल मोजपात्रात ओतून बघा. हब फिरवत फिरवत उलटा धरला की बहुतेक सगळं निघतं. स्वच्छ किंवा फिकट पिवळं असेल तर सील बदला. काळं, करडं किंवा चमचम करणारं असेल तर कॉम्प्रेसर बाद. मग कंडेन्सरही नवीनच घ्यावा.

सीलसाठी क्लचची पुढची प्लेट पुलरने काढायची, ठोकून नाही. आतल्या शिमा जपून ठेवा. सीलच्या तोंडाला बोट लावू नका, कॉम्प्रेसरचंच तेल लावून सरळ बसवा. प्लेट परत लावल्यावर फिलर गेजने तीन ठिकाणी फट मोजा. या घडणीच्या बहुतेक क्लचना ०.३५ ते ०.६५ मिमी लागते, नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या. फट जास्त असेल तर इंजिन गरम झाल्यावर क्लच सुटतो आणि लोक गॅस कमी झाला म्हणून आणखी भरतात. कमी असेल तर प्लेट घासत राहते.

मल्टिमीटर_मंगळवार_पेठ

विजेचा भाग माझ्याकडून.

क्लच कॉइलचा रोध थंड असताना ३ ते ४ ओहम. म्हणजे १२ व्होल्टला तीन-चार अँपिअर. त्याहून खूप कमी रोध दिसला तर वेटोळी आतून शॉर्ट आहेत, रिले आणि फ्यूज दोन्ही जातील. इंजिन चालू ठेवून क्लचच्या वायरवर आणि बॅटरीवर व्होल्टेज मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर कनेक्टर काळा पडलाय किंवा अर्थ गंजलाय.

प्रेशर स्विचला जम्पर मारून कॉम्प्रेसर चालवायचा मोह टाळा. दाब सुमारे ३० पौंडांखाली गेला की तो क्लच तोडतो, कारण गॅस नाही म्हणजे तेल फिरत नाही. वरचा दाब फार चढला तरी तोडतो. दोन्ही कामं करणारा नवा स्विच घ्या.

या गाडीत रेडिएटरला दोन पंखे. एसी चालू केला की एसीचा पंखा लगेच सुरू झाला पाहिजे. तो सुरू होतो आणि हवा कंडेन्सरकडून इंजिनकडे ओढतो, या दोन्ही गोष्टी बघा. कागद ग्रिलसमोर धरा, चिकटला पाहिजे. मोटर बदलताना वायर उलटी लागली की पंखा फिरतो पण हवा उलटी फेकतो.

कूलिंग कॉइलच्या फिनमध्ये खोचलेल्या थर्मोस्विचची (कॉइल फार गार झाली की क्लच तोडणाऱ्या) जागा फोटो काढून ठेवा. चुकीच्या जागी खोचला तर कॉइलवर बर्फ धरतो, आणि अर्ध्या तासाने व्हेंटमधली हवा मंदावते.

रोडस्टर_करवीर

तेल फिकट पिवळं निघालं, ३५ मिली. सील बदलतोय. आता फ्लशिंग. पेट्रोल किंवा रॉकेल चालतं असं सांगणारे भेटले.

उद्यमनगर_टिग

दोन्ही नकोत. मागे तेलकट अंश राहतो आणि रबरावर परिणाम होतो. एसीसाठी मिळणारं फ्लशिंग द्रावण घ्या. आधी ज्या दिशेने गॅस वाहतो त्याच्या उलट दिशेने सोडा, मग दोन्ही टोकांनी आलटून पालटून, बाहेर स्वच्छ येईपर्यंत. मग नायट्रोजनने वाळवा. समोर पांढरा कागद धरा, डाग किंवा वास आला तर काम अर्धवट आहे.

फ्लश फक्त पाइप, कूलिंग कॉइल आणि जुन्या पद्धतीचा नागमोडी एकाच नळीचा कंडेन्सर. कॉम्प्रेसर, ड्रायर आणि एक्सपान्शन व्हॉल्व्ह कधीच नाही. बारीक समांतर नळ्यांचा कंडेन्सर फ्लश होतच नाही, द्रावण मोकळ्या नळ्यांतून निघून जातं आणि तुंबलेल्या तशाच राहतात.

माझं मत, कंडेन्सर नवीनच बसवा आणि तोही समांतर नळ्यांचा. कारण दाबात आहे. कंडेन्सरमध्ये ६० अंशांना आर-१२ चा दाब सुमारे १५ बार असतो, १३४ए चा सुमारे १७. इथल्या एप्रिल-मेमध्ये रंकाळ्याच्या संध्याकाळच्या गर्दीत गाडी उभी असली की कंडेन्सरला तेवढी उष्णता टाकायचीच आहे. जुन्या चेपलेल्या कंडेन्सरकडून ती निघणार नाही. त्याच उंची-रुंदीचा सार्वत्रिक कंडेन्सर मिळतो, टोकं टिगने मूळ पाइपला जुळवून घेता येतात.

थंड_झडप

ड्रायर नवीन, आणि तो घेताना आत एक्सएच-७ किंवा एक्सएच-९ दाणे आहेत का बघा. आर-१२ च्या बाटलीत एक्सएच-५ असायचे, ते १३४ए मध्ये झिजून भुकटी होतात. बाटलीची बुचं अगदी शेवटी काढा, व्हॅक्यूम लावायच्या पाच-दहा मिनिटं आधी. कोल्हापूरच्या जुलैतल्या हवेत ती तासभर उघडी राहिली तर नवीन घेतल्याचा उपयोग नाही.

एक्सपान्शन व्हॉल्व्ह १३४ए चा घ्या. बल्ब वेगळा असलेला असेल तर तो पाइपला धातूला धातू लागून घट्ट बांधा आणि वरून इन्सुलेशनची टेप गुंडाळा. बल्बला बाहेरची गरम हवा लागली तर व्हॉल्व्ह जास्त उघडा राहतो आणि पातळ गॅस कॉम्प्रेसरकडे परततो.

ओ-रिंगा सगळ्या बदला, हिरव्या एचएनबीआर (१३४ए ला चालणाऱ्या रबराच्या). जाडी आणि आतला व्यास कॅलिपरने मोजून. मिनरल तेल लावून बसवा. पॅग (१३४ए साठीचं कृत्रिम) तेल बाहेरून लावलं तर ते हवेतलं पाणी ओढतं आणि आटे गंजतात. प्रत्येक जोडाला दोन पाने, एक धरायला एक फिरवायला, नाहीतर ॲल्युमिनियमचा पाइप पिळतो. बारीक पाइपला १२ ते १५ न्यूटन-मीटर, जाड सक्शनला ३० च्या आसपास. जोड गळतोय म्हणून आवळत सुटू नका, चेपलेली ओ-रिंग आवळून बरी होत नाही.

रोडस्टर_करवीर

तेल कुठलं आणि किती?

थंड_झडप

सगळं नीट फ्लश झालं असेल तर कॉम्प्रेसरच्या प्लेटवर किंवा मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या जाडीचं पॅग. फ्लशबद्दल शंका असेल तर एस्टर, म्हणजे पीओई १००. उरलेलं मिनरल तेल आणि आर-१२ चा क्लोरिनयुक्त अंश ते सहन करतं, पॅग करत नाही. दोन्ही मिसळू नका.

तुमचे ३५ मिली हा मापाचा आधार नाही, कारण बरंच तेल बॉनेटला लागलंय. फ्लश झालेल्या सिस्टीमला मॅन्युअलमधला पूर्ण आकडा लागतो. साधारण निम्मं कॉम्प्रेसरमध्ये, उरलेलं कूलिंग कॉइल, कंडेन्सर आणि ड्रायर यांत वाटून. जास्त तेलही वाईट, नळ्यांच्या आत थर बसून गारवा कमी होतो. तेल टाकल्यावर हब हाताने दहा-बारा वेळा फिरवा, नाहीतर पिस्टनवर साचलेलं तेल पहिल्याच झटक्याला व्हॉल्व्हची पाती मोडू शकतं.

पॅगची बाटली उघडली की लगेच झाका. अर्धी उरलेली गेल्या वर्षीची बाटली वापरू नका.

पन्हाळा_पायथा

व्हॅक्यूम किती? पंप लावला की २८ इंचांवर (पाऱ्याच्या) काटा थांबतो, २९.९ पर्यंत जात नाही. पंप गेला का?

थंड_झडप

चांगला प्रश्न. पंप बरा आहे. २९.९ हा आकडा समुद्रसपाटीचा. कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच, इथे हवेचाच दाब सुमारे २८ इंच. त्यामुळे साध्या गेजवर इथला पूर्ण व्हॅक्यूम म्हणजे २८. मुंबईच्या व्हिडिओतला आकडा इथे येणार नाही.

पण २६ वर थांबत असेल तर लक्ष द्या. तेव्हा आत दोन इंच दाब शिल्लक आहे, आणि त्या दाबाला पाणी ३८ अंशांना उकळतं. पावसाळ्यात २५ अंशांच्या शेडमध्ये तो पंप दिवसभर चालवला तरी आतलं पाणी उकळून निघणार नाही. आधी पंपाचं तेल बदला, ते दुधाळ झालं की पंप ओढत नाही. शक्य असेल तर मायक्रॉन गेज (आत उरलेला अगदी बारीक दाब मोजणारं) लावा, ते उंचीवर अवलंबून नसतं. ५०० मायक्रॉनच्या खाली जाऊन स्थिर राहिलं की सिस्टीम कोरडी.

इतकी वर्षं रिकामी राहिलेल्या या गाडीला तीन फेऱ्या द्या: अर्धा तास व्हॅक्यूम, मग नायट्रोजन थोड्या दाबाने भरून सोडा, परत व्हॅक्यूम, परत नायट्रोजन, शेवटी पूर्ण तास. पंप बंद करून अर्धा तास काटा बघा.

उद्यमनगर_टिग

गॅस विकत घेताना शिक्का आणि दर्जा बघा. बनावट १३४ए मध्ये आर-४० म्हणजे मिथाइल क्लोराइड सापडलेलं आहे. ते ॲल्युमिनियमशी मिळून असं संयुग तयार करतं की हवा लागताच पेटतं. ‘स्वस्त आणि जास्त गार’ म्हणून एलपीजीचं मिश्रण भरणारेही भेटतील, त्यांना नकार द्या. कूलिंग कॉइल केबिनमध्ये असते आणि ब्लोअरच्या मोटरला ठिणगी असते.

भरताना वजनकाटा हवाच. इंजिन बंद, सिलिंडर उलटा, हाय साइडने सुमारे ३०० ग्रॅम पातळ सोडा आणि हाय साइडचा नळ बंद करा. दहा मिनिटं थांबा, हब हाताने फिरवा. मग इंजिन १५०० आरपीएम, एसी पूर्ण, ब्लोअर पूर्ण, सिलिंडर उभा, लो साइडने वाफ. ६०० वर थांबा, वाचन घ्या, मग वीस-वीस ग्रॅमने पुढे. इंजिन चालू असताना हाय साइडचा नळ उघडला तर दाब सिलिंडरमध्ये उलटा जातो. डोळ्यांवर गॉगल, हातात मोजे.

रोडस्टर_करवीर

सगळं झालं. नवा समांतर कंडेन्सर, ड्रायर, व्हॉल्व्ह, दोन होज, ओ-रिंगा, सील. पीओई १००. मायक्रॉन गेज ४२० वर स्थिर. ६४० ग्रॅम भरला. बाहेर ३६ अंश, इंजिन आयडलला: लो ३८ पौंड, हाय २६५, मधल्या व्हेंटला १४ अंश. हायवेला ९ पर्यंत उतरतं.

थंड_झडप

गॅसला हात लावू नका. एक चाचणी करा: आयडललाच कंडेन्सरवर पाण्याची बारीक फवारणी, दोन मिनिटं. आकडे सांगा.

रोडस्टर_करवीर

हाय २०० वर आला, व्हेंट ८.

थंड_झडप

मग गॅस बरोबर, तेल बरोबर, व्हॉल्व्हही बरोबर. कंडेन्सरला हवा कमी पडतेय. ३६ अंशांना हाय साइड २१५ ते २४० च्या दरम्यान असायला हवी.

मल्टिमीटर_मंगळवार_पेठ

कागदाची चाचणी दोन्ही पंख्यांवर करा. आणि गाडीखालचं प्लास्टिकचं तावदान जागेवर आहे का? या गाडीत ते नसलं की इंजिनखालची गरम हवा पुढे वळून पुन्हा कंडेन्सरमध्येच येते.

रोडस्टर_करवीर

तावदान नव्हतंच. पंखे दोन्ही बरोबर ओढतात. कंडेन्सर आणि रेडिएटरमध्ये बाजूने दोन बोटं फट आहे.

उद्यमनगर_टिग

तीच. नवा कंडेन्सर मूळच्यापेक्षा थोडा अरुंद असणार. दोन्ही बाजूंना आणि वर बंद पेशींचा फोम चिकटवून फट बुजवा, म्हणजे पंखा हवा कंडेन्सरमधूनच ओढेल. साधा स्पंज नको, पाणी धरतो. तावदान २ मिमी ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं करता येतं, पुढची कड बंपरच्या आत दुमडून.

रोडस्टर_करवीर

फोम आणि पत्र्याचं तावदान दोन्ही बसवलं. ३६ अंश, आयडल: लो ३४, हाय २२०, व्हेंट ८. पन्हाळ्याच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये १०. हीटरची नळी चिमट्याने दाबून पाहिली, व्हेंट आणखी दीड अंशाने उतरतं.

थंड_झडप

उरलेला दीड अंश हीटरच्या झडपेचा आहे. झडपेच्या कडेचा फोम वयाने गळून पडतो आणि गार हवेत थोडी गरम हवा मिसळते. केबल थंड टोकाला ओढून तिचा क्लिप पुन्हा बसवा, बऱ्याचदा एवढ्यानेच मिटतं. फोमसाठी हीटरची पेटी काढावी लागते, ते काम पावसाळ्यात करा.

आणि बॉनेटखाली जुन्या स्टिकरशेजारी नवीन लावा. पुढच्या मेकॅनिकने आर-१२ वाचून ८०० ग्रॅम ओतू नये. लिहा: आर-१३४ए, ६४० ग्रॅम, तेल पीओई १००, टाकलेलं तेल किती मिली, महिना आणि वर्ष.